भरल्या पोटाचं मशीन

चारचाकी गाडीच्या दाराला आतून जो जाड पुठ्ठ्यासारखा भाग असतो, त्यात ताग आहे हे तो फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. वरून कापड चिकटवलेलं असतं. कड मोडली की गोणपाटासारखे तपकिरी तंतू बाहेर येतात आणि त्यांना धरून ठेवणारं प्लास्टिक मधे मधे चकाकतं. दोन्ही एकत्र गरम करून दाबलं की तो भाग हलका होतो आणि मजबूतही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हे भाग बनत. साच्यातून काढल्यावर त्यांच्या कडा कापाव्या लागत, आणि कापलेल्या कडांचं काय करायचं हे तिथं कुणालाच सुचत नव्हतं.

भंगारवाल्याला प्लास्टिक चालतं, गोणपाटही चालतं. दोन्ही एकात मिसळलेलं चालत नाही. आमच्या शेडला माल देणाऱ्या भंगारवाल्यानं अशी एक कड हातात घेतली, वाकवली, वास घेतला आणि माझ्या हातात परत दिली.

"वैनी, ह्यो माल न्हवं, ह्यो आजार हाय," तो म्हणाला.

तोवर ती कातरण वीटभट्टीला जात होती. भट्टीच्या धुरानं आसपासची माणसं खोकायला लागली, तक्रारी झाल्या. मग कारखान्यातल्या खरेदीच्या साहेबांनी चौकशी सुरू केली, की हे परत वितळवून कुणी दाणा करून देईल का. दाणा चांगला निघाला तर तो ते गाडीच्या मागच्या डिकीतल्या तळाला वापरणार होते, आणि सगळी कातरण त्या माणसाला कायमची देणार होते. हे दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं.

आमची शेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात होती, भाड्याची. नवरा मशीनमध्ये जुनं प्लास्टिक वितळवून त्याची दोरी काढायचा, ती कापून दाणा करायचा आणि घमेली बनवणाऱ्यांना विकायचा. मी सकाळी राजारामपुरीतल्या एका क्लासच्या ऑफिसात काम करायची आणि दुपारी शेडवर जायची. नव्वदच्या दशकात आमचं बरं चाललं. पुढे मोठ्या मशीनवाल्यांपुढे घमेलीवालेच टिकेनात, मग आमचा दाणा घेणार कोण. नवऱ्याच्या एका मित्रानं पुण्याजवळ भोसरीतल्या कारखान्यात त्याच्यासाठी सुपरवायझरची जागा धरून ठेवली होती. नवरा एका रात्री जेवताना म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. कागलचं जमलं तर जमलं. न्हाय तर मी भोसरीला जातो."

समोर आबा जेवत होते, म्हणजे माझे सासरे. त्यांनी मान वर केली नाही, पण भाकरी तशीच हातात राहिली. त्यांना हा एकच मुलगा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. बापलेक एकमेकांशी फार बोलत नसत, पण रोज संध्याकाळी शेड बंद करून दोघे बरोबर घरी येत, एक पुढे, एक मागे. ते येणं थांबेल एवढंच त्या वाक्यातून आबांना ऐकू आलं असावं.

आबांची पिठाची गिरणी होती, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. छातीत पीठ बसून दमा जडला तेव्हा डॉक्टरांनी ती बंद करायला लावली. गिरणी गेली तरी गिरणीवाल्याच्या सवयी राहिल्या. शेडवर येऊन ते मशीनच्या आवाजाकडे कान लावून बसत. आवाज जरा बदलला की म्हणत, "बघ रं, काय मागतंय ते."

तागाच्या मालानं आम्हाला पहिले दोन महिने नुसतं छळलं. कातरण कटरमध्ये घालून चुरा केला, चुरा मशीनमध्ये घातला, तर आत वाफ धरून बुडबुड्यांची दोरी बाहेर आली, हाताने चुरगळली तरी मोडणारी. ताग हवेतलं पाणी ओढून घेतो, हे पुस्तकातून नाही, त्या दोरीतून कळलं. वाफ जावी म्हणून उष्णता वाढवली, तर ताग जळला आणि शेडभर गूळ करपल्यासारखा वास सुटला. नुसत्या प्लास्टिकला आम्ही बिनदिक्कत तापवायचो. याला तसं चालत नव्हतं. प्लास्टिक वितळेल पण ताग करपणार नाही अशी अगदी थोडी जागा असते, आणि मशीन त्या जागेतच ठेवावं लागतं. मशीनच्या तोंडावरच्या बारीक जाळीत तंतू अडकतात म्हणून जाळीही काढून मोठ्या भोकांची बसवली. शिवाय दर वितळण्याला तंतू आखूड होतो. एकदा दाणा झालेला माल पुन्हा पुन्हा मशीनमध्ये घालत गेलं तर शेवटी हातात नुसती माती राहते. म्हणून एकदाच आणि नीट, असा नियम मी करून टाकला.

चुरा वाळवायला आम्ही आमच्या घराची गच्ची घेतली. ऑक्टोबरचं ऊन होतं. जुन्या साड्यांवर तो तपकिरी चुरा पसरला की शेजारणी जिन्यातून डोकावत.

"कसलं वाळवण म्हणायचं वैनी हे?"

"गाडीचं दार," मी सांगायची.

"मग भिजत घालून आमटीत टाका की जरा. आमच्याकडं पण पाठवा."

हसणं होई आणि त्या खाली जात. मी चुरा हातानं परतत राहायची. मुठीत दाबून सोडल्यावर तो मोकळा झाला पाहिजे. चिकटून राहिला तर अजून ओल आहे.

शेवटी जमलं. सरळ, घट्ट, तपकिरी दोरी निघाली आणि दाणा कापला तर आत पोकळी नव्हती. साहेबांनी नमुना बघितला, त्यांच्या मशीनवर चालवून बघितला आणि चाचणीची मोठी खेप मागितली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्यांना माल दारात हवा होता, कारण त्याच आठवड्यात त्यांचे वरचे लोक ते बघायला येणार होते. निम्मा माल आम्ही नवरात्रात काढला. उरलेला निम्मा दसऱ्यानंतर दोन दिवसांत निघाला असता. घाई नव्हती.

कोल्हापुरात खंडेनवमीला मशीन बंद ठेवतात. लेथ असो, भट्टी असो, पिठाची गिरणी असो, पुसून, तेल लावून त्याची पूजा करतात. आमच्या घरात त्यात आणखी एक भर होती. मशीन गरम असतानाच पूजा करायची आणि रिकाम्या पोटी करायची नाही. गिरणीच्या वरच्या डब्यात आबा त्या दिवशी मूठभर ज्वारी ठेवायचे. जातं रिकामं ठेवत नाहीत त्यातलाच तो प्रकार. शेडवरच्या मशीनमध्येही इतकी वर्षं ते पाटीभर प्लास्टिक ठेवत आणि दसऱ्यानंतर ते आपोआप वितळून बाहेर येई. त्यानं कधी काही बिघडलं नव्हतं.

तागाच्या मालाला हे चालत नाही. तो मशीनमध्ये ठेवून बंद केला तर परत तापवताना आतल्या आत करपतो. म्हणून बंद करायच्या आधी शेवटी नुसतं पांढरं प्लास्टिक घालायचं, तपकिरी रंग जाऊन पांढरं बाहेर येईपर्यंत चालवायचं आणि मगच थांबवायचं. त्या दुपारी मी तसंच केलं. शेवटचा पांढरा गोळा हातमोज्यानं काढून मशीनपुढे ठेवला. नवऱ्यानं मशीन पुसलं, आबांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं तोरण बांधलं, नारळ फोडला. मग आम्ही दोघं शेजारच्या शेडमध्ये प्रसाद द्यायला गेलो. तिथं दोन घटका बोलत उभं राहणं झालंच. परत आलो तेव्हा आबा स्टुलावर बसले होते, प्रसन्न दिसत होते. तिघं बरोबर घरी आलो.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं मशीन तापवायला लावलं. तेव्हा भारनियमन होतं, अकराला वीज जायची. आत नुसतं पांढरं प्लास्टिक आहे, म्हणून लवकर तापावं या हिशेबानं त्यानं उष्णता वर ठेवली. नुसत्या प्लास्टिकला तेवढी सोसते. मी क्लासला सुट्टी घेऊन आले होते आणि चुऱ्याची पोती सोडत होते. आधी वास आला. करपल्या गुळाचा. मग हॉपरच्या, म्हणजे माल घालायच्या वरच्या डब्याच्या, तोंडातून पिवळट धूर निघाला.

नवऱ्यानं आत काय असेल ते बाहेर ढकलायला मोटर सुरू केली. मशीन एकदा कण्हलं, आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, आणि मोटर नुसतीच फिरायला लागली. आत माल पुढे ढकलणारा स्क्रू जागचा हलेना.

तो स्क्रू बाहेर काढायला दुपार गेली. वीज गेल्यावर बॅरलला, म्हणजे स्क्रूभोवतीच्या लोखंडी नळीला, बाहेरून गॅसची ज्योत दाखवून, मागून लाकडी ओंडक्यानं ठोकून, शेजारच्या शेडमधले दोघे मदतीला घेऊन. बाहेर आला तेव्हा गुऱ्हाळात करपलेल्या काहिलीच्या बुडासारखा दिसत होता. आट्यांच्या मधे काळं, कडक, तंतूतंतूचं बसलेलं. फिरवणारी चावी तुटली होती आणि स्क्रूचं मागचं टोक पिळवटलं होतं.

मदतीची माणसं गेली. नवऱ्यानं त्या काळ्या थरावर नख मारून पाहिलं.

"पांढरं काढलं होतंस न्हवं?" त्यानं मला विचारलं.

मी मशीनपुढे बोट दाखवलं. पांढरा गोळा तिथंच होता, हळदकुंकवासकट. त्यानं तो पाहिला. मग ताग आत आला कुठून, हे आम्हा दोघांनाही कळेना.

"मी घातला," स्टुलावरून आबा म्हणाले.

"काय घातलं?"

"चुरा. एक पाटी. तुमी परसाद द्यायला गेलता तवा. झाकण उघडून बघितलं तर पोट रिकामं. म्हून घातला आन् जरा फिरवला."

नवरा बापावर ओरडेल असं मला वाटलं होतं, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हात पुसत दारात जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

आबा माझ्याकडे बघत होते. काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी जे होतं ते सांगितलं. ताग का चालत नाही ते, पांढरं का घालायचं ते. बॅरल कधीच रिकामं नसतं, त्या दिवशीही ते पांढऱ्या प्लास्टिकनं भरलेलं होतं, रिकामा होता तो फक्त वरचा डबा.

"म्हंजे आत व्हतं?"

"होतं, आबा."

त्यांनी त्या गोळ्याकडे पाहिलं. "मग रिकामं न्हवतंच की," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की नवऱ्यानं दारातून वळून पाहिलं.

स्क्रू उद्यमनगरात नीट होणार होता, पण त्याला वेळ लागणार होता. मी सोमवारी निम्मा माल घेऊन कागलला गेले आणि साहेबांना मशीन मोडल्याचं सांगितलं. ते उद्धट माणूस नव्हते. निम्म्या मालावर चाचणी होत नाही, त्यांच्या मशीनला सलग चालावं लागतं, आणि वरचे लोक बुधवारी येणार होते. इचलकरंजीकडचा एक जण आधीपासून मागे लागलेला होता. त्याला त्यांनी काम दिलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

दोन दिवसांनी आबा सकाळी घरातून निघाले ते दुपारी परतलेच नाहीत. मी शेड पाहिली, देऊळ पाहिलं. ते एसटीनं कागलला गेले होते. पुढचं मला साहेबांकडून पुष्कळ दिवसांनी कळलं. गेटवर वॉचमननं अडवलं, "पावणं, कुणाकडं?" म्हणून विचारलं. तर यांनी सांगितलं, आत निरोप द्या, गिरणीवाला आलाय. साहेबांना वाटलं कुणी वर्गणी मागायला आलंय. आबांनी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, की चूक माझी आहे, पोराची नाही, सुनेची नाही, त्यांना काम द्या आणि मला शेडवर पाऊल टाकू देऊ नका. साहेबांनी त्यांना बसवलं. चूक कुणाची हा प्रश्नच नव्हता, मला माल वेळेवर हवा होता, असं समजावलं, आणि चहा दिला.

आबा संध्याकाळी घरी आले. "कुठं गेला होता?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "मानूस चांगला हाय. चा पाजला." बाकी काही नाही.

दिवाळी झाल्यावर नवरा भोसरीला गेला. मी स्टँडवर सोडायला गेले. आबा आले नाहीत. ते शेडवर स्क्रूशेजारी बसले होते. टोक दुरुस्त होऊन आलं होतं, पण आट्यांतला काळा थर अजून काढायचा होता. त्यांनी घरून गिरणीच्या दगडाला टाकी लावायची छिन्नी आणली होती. नवऱ्यानं जायच्या आदल्या दिवशी ती काढून घेतली, कारण पोलादावर ओरखडा पडला की माल तिथं अडकतो. त्याऐवजी त्यानं बापाच्या हातात पितळी तारेचा ब्रश दिला. बापलेकांमधलं त्या वेळचं तेवढंच बोलणं. स्टँडवरून मी परत आले तेव्हा आबा ब्रश घासत होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तोंडाला फडकं बांधायला लावलं. ते त्यांनी बांधलं. घासणं थांबवलं नाही.

स्क्रू स्वच्छ झाला. मी क्लासची नोकरी सोडली आणि नुसत्या प्लास्टिकचा थोडाथोडका दाणा काढत शेड धरून ठेवली. ठेवायची म्हणून ठेवली, दुसरं काही करता येत नव्हतं. इचलकरंजीवाल्यानं पावसाळ्यात ओला माल चालवला. त्याच्या दाण्यानं कागलच्या मशीनवर बुडबुडे धरले आणि पावसाळा संपायच्या आत त्यानं हात टेकले. साहेबांचा फोन आला. अजून करता का, म्हणाले. मी हो म्हणाले. पावसात गच्चीचा उपयोग नव्हता, म्हणून उद्यमनगरातूनच एक गरम हवेची पेटी करून घेतली आणि चुरा तिच्यात वाळवला. यावेळी खेप पुरी गेली आणि कातरण आमची झाली.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. आता ये, इथं दोघांचं काम आहे, असं सांगितलं.

"तू बघतीस की," तो म्हणाला. "माझं इथं आता बसलंय."

मी आग्रह केला नाही. आबांना एवढंच सांगितलं, की सुट्टी मिळत नाही. तो गणपतीला यायचा, दसऱ्याला यायचा. दोन दिवस राहून, मशीनवरून हात फिरवून परत जायचा. मी आणि आबा संध्याकाळी शेड बंद करून बरोबर घरी यायचो. ते पुढे, मी मागे. नंतर ते मागे पडायला लागले.

दर खंडेनवमीला मी पांढरं प्लास्टिक घालून मशीन थांबवायची. आबा हळदकुंकू घेऊन उभे राहायचे, हॉपरचं झाकण उघडायचे नाहीत. "भरलंय न्हवं?" असं मला विचारायचे. भरलंय म्हटलं की पूजा करायचे.

शेवटच्या वर्षी त्यांना जिना उतरवेना. मी मशीन थांबवलं, पूजा केली, शेवटचा गोळा फडक्यात गुंडाळला आणि रिक्षानं घरी आणला. आबा उशीला टेकून बसले होते. मी गोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला.

"अजून गरम हाय," ते म्हणाले.

"आत्ताच थांबवलं."

"पोरगा येतोय?"

"उद्या सकाळी."

ते गोळ्याकडे बघत राहिले. "मी घालवला त्याला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा तोंडानं म्हटलं.

सुट्टीचं एक खोटं सांगून झालं होतं, त्यावर आणखी एक मला जमलं नसतं, आणि आबांना ते कळलंही असतं. मी त्यांना सुट्टीचं खरं सांगितलं. "तो गेला तेव्हा तुमच्या पाटीमुळं गेला असंल, आबा. पण काम परत आलं तेव्हा मी त्याला बोलवलं होतं. तो आला नाही. तिकडं राहिला तो आपल्या मनानं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले की काय, मला कळेना. छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"तू बोलावलंवतंस?"

"बोलवलं होतं."

"व्हय," ते म्हणाले. मग गोळा माझ्या हातात परत दिला. "ठेव जा मशीनपाशी. त्याची जागा तिथं."

मी रिक्षानं परत गेले, गोळा मशीनपुढे ठेवला आणि शेडला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आला. आबांनी त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, भोसरीत खायला कोण घालतं ते विचारलं, खोली कशी आहे विचारलं, मशीनं किती मोठी आहेत ते विचारलं. एवढं ते त्याच्याशी आधी कधी बोलले नव्हते. परत कधी येणार, हे मात्र विचारलं नाही.